एकोणीस मिनिटांनी धाकटा

१४ जून

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की तू वाचलास हे कळतं आणि उत्तर दिलं नाहीस हेही कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. पोचलं की नाही, वाचलं की फाडलं, काहीच कळत नाही. आशेला जरा जागा राहते.

इथे सगळं ठीक आहे. तुझे बाबा कामावर जातात. त्या नव्या हॉस्पिटलची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन हट्टी बैलासारखी उभी राहते म्हणून त्यांना रोज बोलावणं येतं. माझ्या दुकानात शाळेचे गणवेश आलेत, तीसेक पँटी खाली सोडायच्या आहेत. मुलं उन्हाळ्यात वाढतात आणि आया जूनमध्ये जाग्या होतात. थोरली तिच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवतेय.

तू त्या दिवशी मध्येच उठून गेलास, पुढचं ऐकलंच नाहीस, म्हणून लिहिते.

तुला बोटीवरची नोकरी लागली, समुद्राची खोली मोजायची. पासपोर्टला जन्माचा दाखला हवा होता आणि दाखला काढायला गेलो तर रजिस्टरात तू नव्हतास. थोरली सातला दहा कमी असताना झाली, तू एकोणीस मिनिटांनी. मधे हॉस्पिटलची पाळी बदलली. गेलेल्या बाईने 'एक मुलगी' लिहून रजिस्टर मिटलं, आलेल्या बाईने ते उघडलंच नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या दाखल्यावर निभावलं, आता ऑफिस म्हणालं, तपासणी करून आणा. बाबा किती हसले होते आठवतं? म्हणाले, "सरकारला माझी थुंकी हवी असेल तर बादलीभर नेऊ दे." थोरली नुसती सोबतीला आली होती. बहिणीचाही नमुना असला तर बाजू पक्की होईल असं प्रयोगशाळेतल्या बाईच म्हणाल्या. चौघांनी गालात कापूस फिरवून घेतला, जसं काही घरातल्या सगळ्यांनी मिळून दात घासावेत.

आणि सहा जूनला त्या बाई म्हणाल्या की आई दोघांची हीच, बहिणीचे वडील हे, पण भावाचे वडील हे नाहीत. तू म्हणालास, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तू पिशवी उचललीस, म्हणालास, "माझी बस आहे." तुझी बस चार तासांनी होती.

मला वाटतं त्यांची काहीतरी गफलत झालीय. टेबलावर केवढा पसारा होता तू पाहिलास ना? कापसाची एक काडी इकडची तिकडे गेली असणार. जुळ्यांमध्ये एकाचा बाप एक आणि दुसऱ्याचा दुसरा, असं कुठे असतं का? मी पुन्हा तपासायला सांगितलंय. पाच ऑगस्टच्या आत कागद गेले पाहिजेत ना तुझे? होईल.

जेवत जा. निळ्या शर्टाची कॉलर उलटून ठेवलीय, नव्यासारखा झालाय.

आई

२३ जून

धाकट्या,

त्यांनी पुन्हा तपासलं. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या काड्यांवर. तेच आलं.

थोरली माझ्याबरोबर आली होती. बाबा आले नाहीत. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कधीकधी बाईच्या शरीरात एकाच महिन्यात दोन बीजं तयार होतात, भाऊ-बहीण असं जुळं तसंच होतं. त्या थोड्या दिवसांत जर दोन पुरुषांशी संबंध आला, तर एक बीज एकाकडून फळतं आणि दुसरं दुसऱ्याकडून. क्वचित घडतं, पण घडतं. मांजरांमध्ये तर नेहमीच, म्हणाल्या. थोरली म्हणाली, "वा, म्हणजे आम्ही मांजरीची पिल्लं." बाई हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

रस्त्यावर आल्यावर थोरलीने विचारलं, "आई, तुला हे पहिल्यांदाच कळलं का?"

मी म्हणाले, ऊन फार आहे, रिक्षा कर.

मागच्या पत्रात मी कापसाची काडी इकडची तिकडे गेली असं लिहिलं. ते खोटं होतं. म्हणजे लिहिताना निम्मं खरं वाटत होतं, पण मला ठाऊक होतं की काडी कुठे गेली नव्हती. मी तुला खोटं लिहिलं याची लाज वाटली म्हणून हे पत्र. बाकीचं लिहायला अजून हात धजत नाही.

बाबांनी मला काही विचारलेलं नाही. सतरा दिवस झाले. सकाळी जातात, संध्याकाळी येतात, ताट धुऊन ठेवतात. आजवर या माणसाने कधी ताट धुतलं नव्हतं. माझ्या हातचं काही उसनं राहू नये असं चाललंय.

आई

५ जुलै

धाकट्या,

आज दुकान बंद ठेवलंय. कात्री, सुया, सगळं आवरून टेबल मोकळं केलं आणि बसलेय. सांगायचं ते एका बैठकीत सांगणार आहे, नाहीतर पुन्हा गणवेशांवर घसरेन.

तुमच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. तुम्हा दोघांना हे माहीत नाही. ती पूर्ण दिवसांची होती, पण रडलीच नाही. तिला मी थोडा वेळ मांडीवर घेतलं होतं. घरी आल्यावर तुझे बाबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पाळणा मोडून त्याच्या फळ्या माळ्यावर टाकल्या आणि कामाला लागले. मला वाटलं, यांना काहीच वाटत नाही. काही महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या शहरातलं काम मागून घेतलं, चौदा मजली इमारतीत लिफ्ट बसवायचं. सात आठवडे. मी म्हणाले, जाऊ नका. ते म्हणाले, कामाला नाही म्हणता येत नाही. मला कळत होतं की येतं.

तेव्हा मी दुसऱ्याच्या शिलाई दुकानात कामाला होते. दुकानासमोर दर गुरुवारी फिरत्या वाचनालयाची गाडी थांबायची. ती चालवणारा माणूस गिऱ्हाईक नसलं की पायरीवर बसून फाटलेली पानं पातळ कागदाने चिकटवत असायचा. त्याला तो म्हणू की ते म्हणू? तुझ्याशी बोलताना कळत नाही. तो म्हणते. मी पुस्तक मागायला गेले, एकदा, दोनदा. एकदा मी उगाचच बोलून गेले की आम्हाला मुलगी झाली होती. लोक यावर म्हणतात, होईल पुन्हा, तरुण आहात. त्याने हातातलं पान खाली ठेवून विचारलं, "केस होते का तिला?"

धाकट्या, होते. भरपूर होते. इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याच्या खोलीवर गेले. एकदाच गेले असं लिहिणार होते, पण एकदा नाही. चार गुरुवार. त्याने मला फूस लावली नाही, मीही कुणाला फसवायचं म्हणून गेले नाही. मला तिथे बोलता येत होतं. जे झालं ते दोघांच्या मर्जीने झालं आणि त्यात मला बरं वाटलं. हेही लिहून टाकते, कारण तू कधीतरी स्वतःशी विचारशील, की मी कशातून आलो. रडारडीतून नाही आलास.

चौथ्या गुरुवारनंतरच्या सोमवारी, भर दुपारी, तुझे बाबा न सांगता परत आले. काम अर्धं टाकून. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती. उंबऱ्यावर बसले, बूट न काढता, आणि रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, तिकडे लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की फक्त तीच आठवते. तुला तोंड कसं दाखवू कळत नव्हतं म्हणून लांब राहिलो. आम्ही दिवसभर बोललो. मला माझा नवरा परत मिळाला आणि चार दिवस उशिरा मिळाला.

पुढच्या गुरुवारी पुस्तकं परत केली आणि त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्यानंतर ती गाडी दुसरा माणूस आणायला लागला.

मग दिवस राहिले. मी बोटांवर मोजत होते आणि प्रत्येक वेळी गुरुवार आणि सोमवार एकाच मुठीत येत होते. मग डॉक्टरीण म्हणाली, जुळं आहे. मला वाटलं, जुळं म्हणजे दोन्ही एकाचीच असणार. दोन्ही यांची, नाहीतर दोन्ही त्याची. याच्या मधलंही काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरली झाली. नर्सने तिला माझ्याजवळ आणलं आणि मी पहिल्यांदा तिची डाव्या हाताची करंगळी पाहिली. आतल्या बाजूला वाकलेली, थेट तुझ्या बाबांची. कानही त्यांचेच, सुपासारखे. माझ्या अंगातून सगळा जीव निघून पुन्हा आत आला. ही यांची आहे. म्हणजे जो येतोय तोही यांचाच. तू एकोणीस मिनिटांनी आलास तेव्हा मी तुझे हातसुद्धा तपासले नाहीत. गरजच वाटली नाही. तिच्या एका वाकड्या करंगळीवर मी अठ्ठावीस वर्षं निवांत झोपले.

हे आहे सगळं. मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुला आधी लिहिलं. त्यांना समोर बसून सांगायला हवं आणि कागदावर लिहिणं सोपं असतं, हे तुला कळेलच. आज संध्याकाळी सांगणार.

आई

२० जुलै

धाकट्या,

त्यांना सांगितलं. मी बोलत असताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. बोलून झाल्यावर उठले, हत्यारांच्या पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि थोरलीकडे राहायला गेले. जाताना मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते तिच्याकडे बारा दिवस होते. थोरली सांगते, बाबांनी तिच्या घरातलं एक दार करकरायचं ठेवलं नाही. सगळ्या बिजागऱ्या काढून, पुसून, तेल घालून पुन्हा बसवल्या. मग शेजाऱ्यांची दारं धरली. ती म्हणाली, "आई, अजून आठवडा राहिले तर बिल्डिंगची लिफ्ट खोलतील आणि लोक मला हाकलून देतील."

पण ती हसत नव्हती. तिचा राग माझ्यावर आहे. तुला लिहिलं ते सगळं मी तिलाही सांगितलं, तिचा हक्कच होता. करंगळीचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी तुझा पुरावा होते. लहानपणी तू माझा हात हातात घेऊन बसायचीस, मला वाटायचं, माझा लाड करतेस." लाडही होताच की. पण नुसता लाड नव्हता, हे तिचं खरं आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुझ्याविषयी मात्र तिच्या मनात काही किंतू नाही. कुणी दवाखान्यात तिला विचारलं म्हणे, मग आता तो तुझा सख्खा की सावत्र? तिने त्याचा गुडघा जरा जास्त वाकवला आणि म्हणाली, "नऊ महिने एका खोलीत आम्ही दोघं होतो. तिथे बाप कुणाचाच नव्हता." तू तिचा तरी फोन घे.

परवा बाबा परत आले. दुपारची वेळ होती, मी दुकानात चेन बदलत होते. येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "एकच विचारायचंय. मी परत आलो त्या दिवशी. मी उंबऱ्यावर बसलो होतो. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तो हात खरा होता का?"

मी तयारीत होते ते वेगळ्याच प्रश्नांसाठी. तो कोण, कुठला, किती वेळा. मुलाचं पुढे काय. माझ्या मनात सगळी उत्तरं शिवून ठेवलेली होती. याचं नव्हतं.

मी म्हणाले, "तुमच्या रडण्याइतकाच खरा होता."

ते म्हणाले, "मग तो दिवस माझा राहू दे. बाकीचं मला पचायला वेळ लागेल. लागला तर लागला."

मी तुझं विचारलं. त्यांना कळेचना मी काय विचारतेय. म्हणाले, "त्याचं काय? त्याला ताप आला की कोण घेऊन हिंडायचं? त्याचा प्रश्नच कुठे आहे? भांडण तुझं-माझं आहे." आणि मग, "त्याला तसं वाटत नसणार, नाही?"

नसेल वाटत. तू सहा आठवड्यांत त्यांना एक फोन केलेला नाहीस. ते फोन खिशात ठेवत नाहीत आता, हातात ठेवतात.

एक राहिलं. मागच्या पत्रात लिहिलं की मी अठ्ठावीस वर्षं निवांत झोपले. पण एकदा तुला संशयाने पाहिलं होतं. तू नऊ वर्षांचा होतास, पायरीवर बसून वहीचं फाटलेलं पान चिकटवत होतास, जीभ किंचित बाहेर. मी एक क्षण पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. डाळ निवडत बसले. आधीच निवडलेली डाळ होती.

वाचनालयाच्या ऑफिसला मी फोन केला होता. तो आहे. निवृत्त झालाय, बहिणीजवळ राहतो. मी त्याच्याशी बोललेले नाही आणि तू सांगितल्याशिवाय बोलणार नाही. पत्ता वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात टाकलाय, घडी डिंकाने बंद केलीय. उघडायची की नाही, ते तुझं तू ठरव. त्यासाठी तुला कुणाची परवानगी लागत नाही. माझी तर नाहीच.

आई

१ ऑगस्ट

धाकट्या,

काल आम्ही जन्मनोंदणीच्या ऑफिसात गेलो होतो. तू बोलावलं नव्हतंस. तू बोटीवर जाणार की नाही हेही आम्हाला ठाऊक नाही. पण बाबा सकाळी म्हणाले, "पाच तारीख आली. तो गेला नाही तर नाही, पण आपल्यामुळे अडला असं नको." आणि रजा टाकली. लोक लिफ्टमध्ये अडकोत नाहीतर पडोत, या माणसाने आजारपणाशिवाय रजा टाकलेली मी पाहिलेली नाही.

खिडकी क्रमांक सहा. पुढे बारा माणसं. बाबा रांगेत उभे राहिले, मला बाकावर बसवलं. आम्ही अजून फारसं बोलत नाही, पण बाकावर बसवलं. खिडकीपलीकडे एक चष्मेवाला कारकून होता. त्याने आमचे कागद दोनदा वाचले, अहवाल तीनदा वाचला. मग त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि आवाज खाली आणला. माणूस सज्जन होता. म्हणाला, आई सिद्ध झालीय, त्यामुळे मुलाचा जन्म नोंदवता येईल. वडिलांचं म्हणाल तर कायदा असा आहे, लग्नाच्या बायकोला मूल झालं की नवरा तो वडील. अहवाल काही का म्हणेना. फक्त नवऱ्याचा आक्षेप नसला पाहिजे, तेवढं विचारणं मला भाग आहे.

"तुमचा काही आक्षेप आहे का?" त्याने विचारलं.

बाबा म्हणाले, "आहे."

मी बाकावरून उठले. कारकुनाने पेन उचललं.

"काय आक्षेप आहे?"

"अठ्ठावीस वर्षं तुमच्या रजिस्टरात माझा मुलगा नाही," बाबा म्हणाले, "यावर माझा आक्षेप आहे. लिहून घ्या."

कारकून म्हणाला, त्यासाठी रकाना नाही. बाबा म्हणाले, मग आखा. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, आखा हो साहेब, आम्हाला उशीर होतोय. कारकून हसला. त्याने रकाना काही आखला नाही, पण आतून ते जुनं, मोठं रजिस्टर मागवलं, थोरलीचं पान काढलं आणि तिच्या खाली, दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात तुला लिहिलं. तारीख, वेळ, मुलगा. आईचं नाव. वडिलांचं नाव.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. तुझ्या नावातली दुसरी वेलांटी पहिली पडली होती. ती दुरुस्त करून घेतली. मग खाली सही केली, बिल फाडताना करतात तशी घाईची नाही, लग्नाच्या कागदावर केली होती तशी, पूर्ण.

दाखला या पत्रासोबत आहे. मूळ प्रत आहे, घडी जपून उलगड. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतेय, परवा मिळेल.

ऑफिसातून बाहेर आल्यावर आम्ही चहा प्यायलो. बाबा म्हणाले, "तिला विचारलं पाहिजे, बोटीवर लिफ्ट असते का." तिला म्हणजे थोरलीला, ती सगळं इंटरनेटवर बघते. मग त्यांनी माझ्याकडे न बघता कप बाजूला सरकवला आणि विचारलं, "तिचे केस काळे होते की तांबूस? मला नीट आठवत नाही. मी फार थोडा वेळ पाहिलं."

मी सांगितलं. आम्ही त्या टपरीवर तासभर बसलो होतो.

आई

१२ ऑगस्ट

धाकट्या,

काल संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी मशीनवर होते. मशीन थांबवलं तर बाबांना कळलं असतं की मी ऐकतेय, म्हणून रिकामीच सुई चालवत राहिले. एका जुन्या चादरीवर किती टाके पडलेत म्हणून सांगू, ती आता चार माणसांनी ओढली तरी फाटणार नाही.

तुझा फोन बाबांनी घेतला. नुसतं "हं" आणि "हं". मग म्हणाले, "मिळाला ना? वेलांटी बघितलीस?" मग पुन्हा "हं". मग तू काहीतरी विचारलंस आणि ते खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. तू काय विचारलंस ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "अरे, मग काय म्हणणार दुसरं? बाबाच म्हण. अठ्ठावीस वर्षांची सवय आहे मला, आता दुसऱ्या हाकेला ओ द्यायला शिकू का या वयात?"

त्यानंतर तुम्ही दोघं किती वेळ पंपांबद्दल बोलत होतात, देवच जाणे. बोटीवरचे पंप, लिफ्टचे पंप. मला वाटलं, आता ठेवतील. तेवढ्यात बाबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घे. त्याला तुझ्याशी बोलायचंय."

तू म्हणालास, "आई, पत्रं पोचली. सगळी." आणि मला काहीसुद्धा बोलता आलं नाही. आज कागदावर बोलते. तुला तोंडावर काही सांगायची माझी हिंमत अजून पुरी आलेली नाही, पण येईल. शिकतेय.

तू म्हणालास की सगळं कळल्यावर तुला माझा राग आला, मग कमी झाला, मग पुन्हा आला. येऊ दे. गोष्ट लपवली हा माझा गुन्हा आहे, त्याचा राग माझ्याजवळच ठेव, दुसरीकडे कुठे नेऊ नकोस. पण स्वतःला त्या गुन्ह्यात धरू नकोस. लपवणं नंतर सुरू झालं. तू त्याच्या आधीचा आहेस.

आणि तो पत्ता. तू बाबांना विचारलंस, उघडू का. त्यांनी तुला उत्तर दिलं नाही, पंपांवर गेले. फोन ठेवल्यावर रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली, आणि मग मला म्हणाले, "त्याला लिही, उघड म्हणावं. मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही, इतका मी मोठा नाही. पण मुलाला बघायचं असेल तर त्याने चोरून बघू नये. आपल्या घरात पुरे झालं चोरून." त्यांचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही.

आता वीस तारखेला तुझी बोट सुटते, त्याचं. तू म्हणालास की बंदरावर यायची गरज नाही, लांब आहे, उन्हात उभं राहावं लागतं. ते ऐकून घेतलं आणि तिकिटं काढली. तीन. थोरलीने दवाखान्यात सांगून टाकलंय की दोन दिवस लोकांनी आपापले गुडघे आपणच सांभाळावेत. बाबांनी बोटीच्या नकाशाची मागणी केलीय, त्यांना इंजिनची खोली आतून बघायची आहे. तुझ्या कप्तानाला आधीच सांगून ठेव, नाही म्हटलं तर ते तिथेच बसतील.

मी निळा शर्ट आणतेय. आणि गेटवर तुला विचारतील म्हणे, सोडायला आलेली माणसं कोण, त्यांची नावं आणि नाती लिहून द्या. तो कागद तू भर. तू जे लिहिशील ते आम्ही तिघंही मान्य करून, ओळखपत्र हातात धरून, रांगेत उभे राहू.

आई